डॉक्टरीणबाईंचा निरोपसमारंभ

मलकपेठच्या भगवंतरावांच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेल्या, आणि सरकारी नोकरीत माणूस एक गोष्ट मनापासून शिकतो, ती म्हणजे निरोप देणं. बदली असो की निवृत्ती, शाल, हार, चार गोड शब्द, आणि जाणाऱ्यापुढे तक्रारीचं अक्षर काढायचं नाही. रीत चांगलीच आहे. फक्त ती घेऊन दवाखान्यात जायला नको होतं.

आंध्र प्रदेशाचे दोन तुकडे व्हायला आठवडा राहिला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची नेमणूक पलीकडच्या, नव्या आंध्राकडे झाली होती आणि त्यांचा इथला हा शेवटचा दिवस. त्यांच्या जागी कोण येणार, केव्हा येणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भगवंतरावांचा मुलगा, म्हणजे वासंतीचा नवरा माधव, सचिवालयात दोन राज्यांच्या फायली वेगळ्या करत बसला होता, त्याला रजा कुठली मिळणार! म्हणून सूनबाई आणि नातीसोबत सासरे निघाले. वाटेत सुलतान बाजारात रिक्षा थांबवून त्यांनी शाल घेतली, हार घेतला.

वासंतीच्या बारा वर्षांच्या लेकीला, शाल्मलीला, एडीएचडी होता. पूर्वी पोरगी घर डोक्यावर घ्यायची. रिक्षावाल्यालासुद्धा त्याच्या बकरीचं नाव विचारायची. दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी गोळीचा डोस वाढवला. गणितात पास झाली खरी, पण जेवेना, हसेना, तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायची. घरात सगळे खूश होते. वासंतीला मात्र आपलं लेकरू परत हवं होतं. आज काहीही करून गोळी बदलून घ्यायची किंवा कमी करून घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं. लेकीला तसा शब्दही दिला होता.

आत गेल्या गेल्या भगवंतरावांनी कचेरीतली ठेवणीतली उर्दू बाहेर काढली.

"डॉक्टर साहिबा, आप जा रहे, हम तो यतीम हो गए."

हे पोरकेपण ऐकून बाई गडबडून उठल्या. तोवर खांद्यावर शाल पडली, गळ्यात हारही आला. नर्सनं टाळ्या वाजवल्या. वासंती खुर्चीच्या कडेवर बसून होती. माणसाला सत्काराच्या मध्येच कसं सांगायचं, की तुमच्या औषधानं माझी मुलगी विझली?

"ये बच्ची पहले बंदर थी," भगवंतराव नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अब देखो, गाय के जैसी बैठी है. सब आपकी मेहरबानी."

बाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांना पेशंटकडून कधी हार मिळाला नव्हता. त्या वासंतीकडे वळल्या. "अम्मा, आप कुछ बोलते?"

"मॅडम, मेरी बच्ची..." वासंतीनं सुरुवात केली आणि तिला हुंदकाच आला.

"सूनबाई, निघालेल्या माणसापुढे रडगाणं नको," सासरे हळूच मराठीत म्हणाले.

"क्या बोल रहे?" बाईंनी विचारलं.

"कुछ नहीं. आप जा रहे ना, बहू को रोना आ रहा."

वासंतीनं जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. बाईंना वाटलं, बिचारी मला जाऊ नका म्हणतेय. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "रो नक्को अम्मा. दवा अच्छा काम कर रही. नया डॉक्टर कब आता मालूम नहीं, इस वास्ते छह महीने की लिख देती." वासंती "मॅडम, गोली" एवढं म्हणाली. "हाँ हाँ, वही गोली," बाई म्हणाल्या आणि लिहून मोकळ्या झाल्या. नर्सनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर सासरे समाधानानं पुढे चालत होते. वासंतीला स्वतःचा इतका राग आला होता, की डोळ्यांपुढचं दिसेना. साधं एक वाक्य बोलता आलं नाही आपल्याला.

"आई, गोळी बदलली?" शाल्मलीनं विचारलं.

"नाही गं."

पूर्वी अशा वेळी शाल्मलीनं इथेच बसकण मारून सगळा दवाखाना गोळा केला असता. वासंती थांबली आणि वाट बघू लागली. मनोमन तिनं देवाला विनवलं, आज तरी हिला आकांत करू दे.

"बरं," शाल्मली म्हणाली आणि आजोबांच्या मागून चालू लागली.

"पाहिलंस," भगवंतराव वळून म्हणाले, "किती शहाणी झाली."