आणि बंधू

मोटरसायकलला हात लावण्याआधी घड्याळ काढायचं आणि खिळ्याला अडकवायचं, हा आमच्या गॅरेजचा वडिलांपासूनचा नियम. घड्याळ, अंगठी, कडं, हातात असेल ते सगळं. खिळा अजून तोच आहे, पान्यांच्या फळीशेजारी. तीस वर्षं मी हा नियम इमानेइतबारे पाळला. एक दिवस पाळला नाही आणि त्याच दिवशी अडकलो. याला म्हणतात नशीब!

बरं, विसरलो असतो तर एक वेळ ठीक होतं. मी मुद्दाम काढलं नाही. त्या गुरुवारी एक वाजायच्या आत मला एक फोन यायचा होता आणि त्या फोनवर मला ‘हो’ म्हणायचं होतं. एवढंच. त्या एका अक्षरापायी मी तीन महिने झोप घालवली होती.

दुसऱ्या शहरात गाड्यांची दुरुस्ती शिकवणारी एक संस्था आहे. तिथे वायरिंग शिकवायला माणूस हवा होता. बायकोने मागे लागून अर्ज करायला लावला. डोळे तपासायला जातो असं दादाला सांगून मी मुलाखत देऊन आलो आणि त्यांनी चक्क मलाच निवडलं. तिथल्या बाईंनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा दादा शेजारी उभा, त्यामुळे मी आपला “नंतर करतो, नंतर करतो.” शेवटी त्यांचा निरोप आला, की गुरुवारी एकच्या आत शेवटचा फोन करते, उत्तर नाही मिळालं तर दुसऱ्या माणसाला बोलावू. निरोपाखाली ‘हो’ लिहून टाकता आलं असतं. बायको तेच म्हणत होती. “तुम्ही लिहिताय की मी लिहू?” पण दादाला सांगितल्याशिवाय लिहायला अंगठा धजेना, आणि दादाला सांगायला जीभ रेटेना.

दादा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तेव्हापासून दादानेच मला वाढवलं आणि माझ्या वतीने बोलायचं कामही त्यानेच घेतलं. शाळेत कोणता विषय घेणार? दादा म्हणाला, “त्याला काय, कोणताही चालेल.” रविवारी गॅरेज उघडं ठेवाल का? “धाकट्याला चालतं.” माझं लग्न ठरताना बायकोच्या काकांनी मला विचारलं, मुलगी पसंत आहे ना? मी घसा खाकरतोय तोवर दादा म्हणाला, “आहे, आहे.” पसंत होतीच हो, पण मला बोलू दिलं असतं तर मी जरा ऐटीत सांगितलं असतं. गॅरेजच्या पाटीवर वडिलांचं नाव आहे, खाली दादाचं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘आणि बंधू’. तो बंधू म्हणजे मी. वीस-वीस वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांना माझं नाव माहीत नाही.

दादा वाईट माणूस असता तर मी कधीच भांडून निघालो असतो. तो वाईट नाही, हीच तर सगळी पंचाईत.

तर त्या गुरुवारी आमच्याकडे दाताच्या डॉक्टरांची मोटरसायकल होती. लांबच्या प्रवासाची गाडी. मोटरसायकल कसली, चाकं लावलेला सोफाच तो. पुढे रुंद प्लॅस्टिकचा मुखवटा, त्यात दोन स्पीकर, मागे डॉक्टरांच्या बायकोच्या कानाशी आणखी दोन, आणि मध्ये कॅसेटचा जुनापुराणा टेप. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन तीन आठवड्यांच्या सहलीला निघणार होते. कॅसेटी कधीच्या संपल्या होत्या. त्यांना आता नवा डिजिटल प्लेअर हवा होता. तो पुढच्या छोट्या कप्प्यात बसवायचा, तिथून वायर आत नेऊन जुन्या टेपच्या पाठीत जोडायची, म्हणजे गाणी कार्डावरून पण आवाज जुन्याच स्पीकरांतून. शिवाय फोन आला तर तोही त्यातच. हेल्मेट घातलेला माणूस बटण कुठे शोधणार, म्हणून पाच घंट्यांनी फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय. माईक हँडलच्या मधोमध, चालवणाऱ्याच्या तोंडासमोर.

सगळं जोडून झालं होतं. तपासायला माझाच फोन प्लेअरला जोडला, तो चार्जिंगला लावून कप्प्यात ठेवला, झाकण लावलं. डॉक्टरांनी दिलेल्या कार्डावरचं एक गाणं लावलं. सुरेख आवाज! राहिली होती फक्त हँडलवरच्या बटणांची वायर. पाऊण वाजता बाहेर सटकायचं, चिकटपट्टी आणायचं निमित्त करून फोन घ्यायचा, असा माझा बेत. अजून वीस मिनिटं होती. नियमाने ती वायर जोडायला पुढचा अख्खा मुखवटा उतरवावा लागतो, तास जातो त्यात. पण माझा हात बारीक. लहानपणापासून जिथे कोणाचा हात जात नाही तिथे धाकट्याचा घालायचा, ही आमच्याकडची रीतच. मी चाकाशेजारी बसलो, खालच्या फटीतून उजवा हात कोपरापर्यंत आत घातला, आणि घड्याळाचा धातूचा पट्टा आत कुठल्यातरी पट्टीच्या कडेत जाऊन बसला.

आधी हळू ओढला. मग जोरात. मग तोंडातून एक शिवी गेली.

“काय झालं?” दादाने विचारलं.

“अडकला.”

“काय अडकलं?”

“हात, दादा. दुसरं काय अडकणार माझं?”

दादा वाकला, टॉर्च मारून बघितलं, आणि सरळ झाला. “घड्याळ काढलं नाहीस?”

दादाने एकदा खिळ्याकडे पाहिलं. “तू घड्याळ काढलं नाहीस,” तो पुन्हा म्हणाला. रागावला नव्हता, नुसतं नवल करत होता. मग त्याने चष्मा लावला आणि मुखवट्याचे स्क्रू काढायला घेतले. दादाचं स्क्रू काढणं म्हणजे! एक स्क्रू काढणार, पुसणार, वाटीत ठेवणार, वाटी सरळ करणार. मग दुसरा. गाडीला ओरखडा गेला तर त्याला जेवण जात नाही.

माझा गाल पुढच्या चाकाच्या मडगार्डला टेकलेला. दंड कप्प्याच्या झाकणासमोर आडवा, म्हणजे झाकण उघडेना. हात आत सुजायला लागला होता आणि बोटांना मुंग्या आल्या होत्या. ज्या घड्याळाकडे बघायचं म्हणून हातात ठेवलं, तेच आत अंधारात टिकटिक करत होतं. वेळ विचारायची चोरी. विचारली तर दादा म्हणणार, तुला आज वेळेचं काय पडलंय? तरी विचारलीच.

“बारा चाळीस,” दादा म्हणाला. “का रे?”

“काही नाही. भूक लागली.”

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फोन कप्प्यात आहे. तो प्लेअरला जोडलेला आहे. बाईंचा फोन आला की पाच घंट्यांनी तो आपोआप उचलला जाणार आणि चार स्पीकरांतून सगळ्या गॅरेजला ऐकू जाणार. बंद करायची बटणं हँडलवर, आणि त्या बटणांची वायर माझ्या अडकलेल्या हातात! एवढी चोख फजिती मी ठरवूनही करू शकलो नसतो.

घामाने सदरा पाठीला चिकटला. तेवढ्यात दादा म्हणाला, “हे गाणं डोकं उठवतंय. किल्ली बंद करू का?”

किल्ली बंद केली तर प्लेअर बंद. फोन कप्प्यातल्या कप्प्यात वाजून वाजून गप्प बसेल, एक वाजून जाईल, दादाला काही कळणार नाही, आणि मी पाटीवरच्या बारीक अक्षरांत मरेपर्यंत राहीन. चालू ठेवली तर दादा सगळं ऐकेल, तेही परक्या बाईच्या तोंडून. खरं सांगतो, एक क्षण ‘कर बंद’ असं अगदी ओठावर आलं होतं.

“राहू दे,” मी म्हणालो. “वाजू दे.”

सातवा स्क्रू वाटीत पडला आणि गाणं मध्येच तुटलं. घंटी. पुढून, मागून, सगळीकडून घंटी. दादा दचकून दोन पावलं मागे सरला. मी मनात मोजत होतो. पाच झाल्या.

“नमस्कार, संस्थेतून बोलतेय,” बाईंचा आवाज गॅरेजभर घुमला. काय स्वच्छ आवाज! बसवलाच होता मी तसा. “आज तरी उत्तर मिळेल ना? पहिल्या तारखेपासून वायरिंगचे वर्ग सुरू होतायत. निवड होऊन इतके दिवस झाले. तुम्ही येताय ना शिकवायला?”

मला चाकाच्या आऱ्यांमधून दादाचे नुसते पाय दिसत होते. ते जागचे हलले नाहीत.

“हॅलो,” मी म्हणालो.

“हॅलो? आवाज येत नाहीये.”

“हॅलो! मी बोलतोय!” मी ओरडलो. पण माईक वाऱ्याचा आवाज गाळणारा, फक्त तोंडासमोरचं ऐकणारा. मीच निवडून आणलेला. खाली चाकाशी बसलेल्या माणसाचं त्याला काय ऐकू जाणार?

“हॅलो? कोणी आहे का? मी फोन ठेवू का?”

दादाचे पाय पुढे आले. मान वळवून वर पाहिलं तर त्याचा हात किल्लीवर होता. पाव वळसा, की संपलं. मी बोलायला हवं होतं. दादा, नको, एवढं तरी. तो हात मला किती वेळ दिसत होता कुणास ठाऊक. त्यावरचा जुना भाजल्याचा डाग मला पाठ आहे. मला सोल्डरिंग शिकवताना पडलेला.

हात किल्लीवरून उठला. दादा हँडलवर वाकला. “कोण बोलतंय?”

बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. दादाने ऐकून घेतलं. “मी त्याचा मोठा भाऊ,” तो म्हणाला. “त्याचा हात अडकलाय.”

“म्हणजे कामं आहेत? जमणार नाही का त्यांना?”

“तसं नाही, बाई. खरोखरचा हात. गाडीत अडकलाय.”

“अरे देवा! बरं, मग तुम्हीच सांगून टाका. मला एक वाजता यादी द्यायचीय. ते येणार आहेत की नाही?”

झालं. पुन्हा दादालाच विचारलं. मी डोळे मिटले. आता तो म्हणणार, नाही हो, धाकट्याला इथेच बरं वाटतं. म्हणणारच. तीस वर्षांची सवय आहे त्याला, आणि मलाही.

दादाचे गुडघे कटकन वाजले. डोळे उघडले तर तो उकिडवा बसला होता, चाकाच्या पलीकडे, तोंड अगदी माझ्या तोंडासमोर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

“काय सांगू?” त्याने विचारलं.

हे दादाने मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. पहिल्यांदा! मला इतकं भरून आलं की समोरचा दादा धूसर झाला. पुसायला एकच हात मोकळा, तोही ग्रीसने माखलेला.

“हो म्हणून सांग,” मी म्हणालो.

तो हँडलला धरून उठला. “हो म्हणतोय,” त्याने माईकमध्ये सांगितलं. “पहिल्या तारखेला येईल.” मग जरा थांबून, “सकाळी काही न खाताच निघतो तो. तेवढं बघा.”

बाई हसल्या, फोन बंद झाला आणि गाणं तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. दादाने आठवा स्क्रू काढला, पुसला, वाटीत ठेवला.

“डोळे तपासायला गेला होतास तेव्हा?” त्याने विचारलं.

“हो.”

“मी आपला महिनाभर काळजीत. याला चष्मा का नाही लागला?”

“दादा, मी सांगणार होतो...”

“हात सैल सोड. ओढू नकोस.”

मुखवटा निघाला, दादाने चिमट्याने पट्टा सोडवला आणि माझा हात बाहेर आला, लाल, पट्ट्याचे वळ उठलेला. मी घड्याळ काढून खिळ्याला अडकवलं. वायर अजून राहिली होतीच. वळून बघतो तर मुखवटा तात्पुरता जागेवर टेकवून दादा खालच्या फटीत स्वतःचा हात घालत होता. बोटांच्या पेरांपर्यंत गेला, पुढे जाईना. तिरका करून पाहिला, तरी जाईना. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्याने हात काढला आणि फडक्याला पुसला.

दोन वाजता डॉक्टर आले. मी बटणांची वायर जोडून दिली होती. त्यांनी गाणी मागेपुढे करून बघितली, आवाज वाढवला, कमी केला आणि बेहद्द खूश झाले. “पुढच्या वर्षी मागच्या सीटचंही काम काढायचंय,” ते माझ्या डोक्यावरून दादाला म्हणाले, सगळे म्हणतात तसंच. “हाच करेल ना? चालेल ना याला?”

दादाने तोंड उघडलं. मग मिटलं.

“मला काय विचारता?” तो म्हणाला. “तो समोर उभा आहे, त्याला विचारा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला. सवयीने मी दादाकडे बघितलं. दादा आमच्याकडे पाठ करून वाटीतले उरलेले स्क्रू मोजत होता.