महिन्यातून एक सहल

ताईंनी शिट्टी तोंडातून काढली आणि पिवळ्या टोप्या मोजल्या. नऊ. मग पुन्हा एकदा मोजल्या, कारण एकदा मोजून त्यांचं कधी समाधान व्हायचं नाही. नऊच होत्या. त्यांनी पिशवीतून परवानगीचं पत्र काढलं आणि चमच्यांच्या कारखान्याच्या फाटकापाशी, वॉचमनच्या खिडकीपुढे धरलं.

वॉचमनने पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मुलांकडे बघत होता.

"परत आलात?"

"परत म्हणजे?"

"मागच्याच महिन्यात येऊन गेलात की. तेव्हा टोप्या नव्हत्या, एवढंच."

"दुसरं कुणी असेल. आम्हाला तुमच्या साहेबांनी सात आठवडे ताटकळत ठेवलंय."

"असेल बुवा," वॉचमन म्हणाला आणि नोंदवही पुढे सरकवली. "मुलं काय, सगळी सारखीच दिसतात."

ताईंनी आपल्या रेखीव अक्षरात नोंद केली, सही ठोकली, आणि काही कारण नसताना मागची दोन पानं उलटली. तिथे लिहिलं होतं: घरशाळा गट, मुले ९, मोठी माणसे ३, मंगळवार. नऊच्या आकड्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या, गणिताच्या वहीत उत्तराखाली ओढतात तशा.

असं रेघा ओढणारं एक माणूस ताईंच्या चांगलं ओळखीचं होतं. ते त्यांच्यामागे चार पावलांवर उभं राहून जुळ्यांपैकी एकाच्या नाकाला रुमाल लावत होतं. गटातली सगळी मुलं तिला गणितमावशी म्हणत. सहा घरांच्या त्या गटात ताईंना 'अगं ताई' म्हणणारी ती एकटीच. बाकीचे तोंडावर 'अहो ताई' म्हणत आणि पाठीमागे 'हेडबाई'. हे ताईंना माहीत होतं आणि त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटत नसे.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली, पण क्षणभरच. मंगळवार कसा असेल? दर मंगळवारी त्यांची भिंगरी सकाळी नऊ ते एक गणितमावशीच्या घरी गणिताला असते. मावशी इथे असती, तर भिंगरीला गणित कुणी शिकवलं असतं? आणि तसं काही असतं तर भिंगरीने सांगितलं नसतं का? ताईंना स्वतःचाच राग आला. मैत्रिणीवर संशय घ्यायचा, तोही दोन रेघांवरून! त्यांनी वही मिटली आणि शिट्टी फुंकली.

ताई अकरा वर्षं शाळेत शिकवत होत्या. भिंगरी त्यांची एकुलती एक लेक. ती पहिलीत गेली आणि रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पोटात काही सापडेना. एके दिवशी बुटाच्या नाड्या बांधता बांधता ती दारातच ओणवी झाली, तेव्हा ताईंनी शाळेतून तिचं नाव काढलं आणि त्याच टेबलावर स्वतःचा राजीनामाही ठेवला. लोकांनी वेड्यात काढलं. ताईंनी घरशाळा सुरू केली आणि त्या शाळेला एकच नियम केला: इथे कुणी कुणापासून काही लपवायचं नाही. पंधरा दिवसांत पोटदुखी पळाली. मग बघून बघून आणखी पाच घरं आली. अर्ज कसा करायचा, कचेरीत काय उत्तर द्यायचं, नातेवाइकांना कसं गप्प करायचं, सगळं ताईंनी त्यांना शिकवलं.

आणि सहली. महिन्यातून एक, ठरलेली. "इतर घरशाळावाले आठवड्याला जातात म्हणे," असं एकदा जुळ्यांच्या बाबांनी भीत भीत काढून पाहिलं होतं. "भटकायला जातात," ताई म्हणाल्या होत्या. "सहल करायची तर तयारीला महिना लागतो." लागायचाच. अर्ज, परवानगी, टोप्या, गळ्यात दोरीने अडकवलेली पेन्सिल आणि अकरा प्रश्नांची प्रश्नावली. मंगळवारी घर रिकामं असलं की ताई ती प्रश्नावली करायला बसत. शाळा सुटली होती, शिट्टी तेवढी सुटली नव्हती.

हा चमच्यांचा कारखाना तर हातचा गेलाच होता. उत्तर येईना तेव्हा ताईंनी सहल रद्द म्हणून जाहीर केलं आणि मुलांचे चेहरे उतरले. मग सातव्या आठवड्यात पत्र आलं. ताईंनी मोठ्या आनंदाने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्या दिवशी ऊन फार होतं.

भिंगरीचं सकाळी पोट दुखत होतं. अलीकडे सहलीच्या दिवशी तसं व्हायचं. उत्साहाने होतं, असं निदान करून ताईंनी तिला कोमट पाणी पाजलं होतं.

आत एक ढेरपोटे फोरमन त्यांची वाट पाहत होते. "माझी आज पहिलीच वेळ हं," ते म्हणाले. "एरवी पाहुण्यांना माझा जोडीदार फिरवतो. चुकलं तर सांभाळून घ्या." त्यांनी पोलादाच्या पट्टीचं गुंडाळं दाखवलं. पट्टीतून चमच्याच्या आकाराचे सपाट तुकडे कापून निघत होते, अजून खोलगट न झालेले, लाटल्यासारखे. एका टोपलीत त्यातलेच वाकडे निघालेले तुकडे पडले होते.

"आता हा आमचा मोठा प्रेस," फोरमन म्हणाले. "याच्याखाली सपाट चमचा ठेवायचा की एका दणक्यात खोलगट. चालवणाऱ्याला दोन बटणं दाबावी लागतात, दोन हातांनी. एका बटणाचं काम, मग दोन का? ओळखा बघू."

"एक हात साच्यात राहू नये म्हणून," जुळ्यांतली बहीण म्हणाली. जांभई देता देता म्हणाली.

"अरे वा! फारच हुशार आहेत हो तुमची मुलं!"

ताईंची छाती फुगली. प्रश्न क्रमांक सात हाच होता. गणितमावशी तिकडे छताकडे बघत होती.

प्रेसवरच्या माणसाने तुकडा साच्यात ठेवला, हात मागे घेतले, दोन्ही बटणांवर पंजे टेकवले. तेवढ्यात ताईंच्या हातात एक हात आला. छोटा, घामेजलेला. भिंगरीचा. दहावं लागल्यापासून ती चारचौघांत हात धरू देत नसे, आणि आज स्वतःहून धरत होती, तोही घट्ट. ताईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी खाली वाकून तिच्याकडे पाहिलं.

धाड्!

जमीन हादरली. ताई वीतभर उडाल्या. प्रश्नावल्यांचा गठ्ठा हातून सुटून सगळीकडे पसरला, शिट्टी हनुवटीवर आपटली.

"उडाल्या, बाई उडाल्या!" फोरमन पोट धरून हसले. "पहिल्या वेळेला सगळेच उडतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी तर खाली बसलो होतो. पण मुलं बघा तुमची! एक हललं नाही!"

ताईंनी पाहिलं. सवयीने मोजलंही. नऊ पिवळ्या टोप्या एका ओळीत उभ्या होत्या. त्यातली एकही हलली नव्हती. जुळ्यांचे बाबा भिंतीवरची सुरक्षेची पाटी फार लक्ष देऊन वाचत होते.

भिंगरीने हात सोडला होता आणि ती जमिनीवरचे कागद गोळा करत होती. ताई तिच्या टोपीकडे बघत राहिल्या. हात आवाजानंतर नव्हता आला. आधी आला होता.

पुढे पॉलिशचं खातं होतं. फोरमन मुलांना घेऊन तिकडे गेले आणि ताई वाकड्या तुकड्यांच्या टोपलीपाशी थांबल्या. गणितमावशीही थांबली. पळून जायची तिची रीत नव्हती, तेवढं तिचं मानायला हवं.

"किती मंगळवार?" ताईंनी विचारलं.

"ताई, इथे नको. घरी बोलू."

"किती?"

"थंडी संपल्यापासून. चौदा झाले."

"आणि गणित?"

"थोडं बसमध्ये करतो. बाकीचं ती संध्याकाळी घरी करते."

संध्याकाळी. जेवणाआधी भिंगरी पलंगावर पालथी पडून वही भरत बसायची आणि ताई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या, मावशीने गणिताची गोडी लावली हो पोरीला. त्यांनी टोपलीतला एक तुकडा उचलला. असाच एक त्या वहीत खूण म्हणून घातलेला असायचा. त्यांनी तो कितीदा तरी हाताळला होता.

"सगळ्यांना माहीत होतं? पाचही घरांना?"

गणितमावशीने होकारार्थी मान हलवली.

"मला सांगणार होतीस कधी?"

"दर सोमवारी ठरवायचे."

"माझा कंटाळा आला होता तर तोंडावर सांगायचंस. मला काढून टाकायचंत. मी रडले असते, भांडले असते, गेले असते." ताईंचा आवाज चिरकला आणि त्यांनी तो खाली आणला, कारण पलीकडे मुलं होती. "पण केसाने गळा कापलास गं. माझ्या लेकीला माझ्याशी खोटं बोलायला शिकवलंस."

"मी नाही शिकवलं."

"मग कुणी?"

"पहिल्या मंगळवारी मी फोन हातात घेतला होता, तुला विचारायला. देवाशपथ सांगते. तीच म्हणाली..." गणितमावशी थांबली. "जाऊ दे."

"काय म्हणाली?"

"लहान आहे ती, ताई."

"काय म्हणाली ते सांग."

"म्हणाली, आईला सांगू नका. सांगितलं तर ती पण येईल."

पलीकडे मोठा प्रेस पुन्हा दणाणला. या वेळी ताई हलल्या नाहीत.

निघताना फोरमननी प्रत्येक मुलाला एकेक सपाट चमचा भेट दिला. मुलांनी तो "थँक्यू काका" म्हणून गुपचूप खिशात टाकला. बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या. भिंगरी शेजारी येऊन बसली, थोडं अंतर ठेवून. मग म्हणाली, "आई, प्रश्नावली भरू?"

"नको."

"अकराही येतात मला."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या.

तो शुक्रवार होता. शनिवारी ताईंनी ठरवलं की आपण विचारायचं नाही, ती सांगेल. नियम तिलाही पाठ आहे. घासताना एक कप फुटला, भाजी करपली, पण त्या बोलल्या नाहीत. रविवारी भिंगरी दिवसभर अंगाशी अंगाशी करत होती. भांडी पुसून दिली, न सांगता कपड्यांच्या घड्या घातल्या. आता सांगेल, मग सांगेल, म्हणून ताईंनी दोनदा हातातलं काम बाजूला ठेवलं. सोमवारी संध्याकाळी ती पलंगावर पालथी पडली आणि वही उघडली. दोन सपाट चमचे एकमेकांवर आपटून वाजले. तिने दचकून आईकडे पाहिलं. ताई कणीक मळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. संतापाने त्या दोन्ही मुठी कणकेत दाबत होत्या. मोठ्या माणसांचं एक वेळ सोडून देता येईल. पण जिच्यासाठी सगळं सोडलं, तिने चौदा मंगळवार घरी येऊन, जेवताना डोळ्यांत डोळे घालून "आज अपूर्णांक केले" म्हणावं?

मंगळवारी सकाळी ताईंनी दारात तिच्या चपलांऐवजी बूट काढून ठेवले. लहान बाटलीऐवजी मोठी बाटली भरून बुटांशेजारी ठेवली. मग दाराला टेकून उभ्या राहिल्या.

भिंगरी दप्तर घेऊन आली. तिने बूट पाहिले. बाटली पाहिली. पोर हुशार होती, तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"गणिताला बूट?" तिने हळूच विचारलं.

"आज लांब चालावं लागेल कदाचित."

भिंगरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती खाली बसली. ताई वाट बघत होत्या. आता रडेल. आता म्हणेल, आई, चुकले. किंवा नुसतं म्हणेल, आई, तू येतेस? एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. त्या शिट्टी घरी ठेवायला तयार होत्या. टोप्याही. कपाटातल्या सगळ्या प्रश्नावल्या रद्दीत घालायला तयार होत्या, फक्त तिने एकदा विचारायला हवं होतं.

भिंगरीने एक बूट चढवला, मग दुसरा. नाड्या बांधायला ओणवी झाली, चार वर्षांपूर्वी याच दारात झाली होती तशी. सगळा राग विसरून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पोट दुखतंय का गं?"

"छे," भिंगरी गाठ आवळत म्हणाली. "आज कशाला दुखेल?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. ती तशीच वाकून राहिली, बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत. मग उठली, बाटली घेतली, आईच्या कमरेला एकदा घाईघाईने मिठी मारली आणि पळत सुटली.

रस्त्याच्या टोकाला गणितमावशी उभी होती, भोवती मुलं होती. एवढ्या लांबून चेहरे दिसत नव्हते. ताईंनी मोजलं. आठ. मग नऊ. कोपऱ्यावर तरी ती वळून पाहील म्हणून त्यांनी हात वर करून ठेवला होता.