वर म्हणजे कुठे

फोन वाजला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले होते. टेबलावर एका मच्छीमाराच्या होडीचं इंजिन सुटं करून ठेवलं होतं. चार दिवस राहायला आलेल्या नणंदेनं फोन उचलला, स्पीकर चालू केला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"अगं, ऐक," नवरा म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "पाय रुतलाय. गमबुटासकट. निघतच नाहीये. होडी सुटून गेली. भरती लागलीय गं. मी वर आहे. वर, फाट्यापाशी, डब्याजव..."

तिथेच फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना.

आधी डब्याचं सांगते. कुणीतरी एक झाकणाचा डबा कुठेतरी दडवतं, ती जागा नकाशावर टाकतं, आणि बाकीचे फोन हातात धरून तो शोधत फिरतात. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बस, एवढंच. बक्षीस नाही, काही नाही. आमच्या खाडीत 'खेकडा' या नावानं खेळणाऱ्या कुणा महाभागानं ठिकठिकाणी डबे लपवलेत, तेही अशा जागी की होडीशिवाय पोचता येऊ नये. माझा नवरा नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला. आठवडाभर नकाशे काढून याचं पोट भरत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो या डब्यांच्या मागे लागतो. एरवी मी बरोबर असते. आज इंजिन संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं, म्हणून तो एकटाच वल्ह्याची होडी घेऊन गेला.

बचाव पथकाला फोन केला. त्यांची बोट खोल समुद्रात कुणाला तरी आणायला गेली होती. यायला तासभर तरी लागेल, म्हणाले. आता भरतीला तासभर थांब म्हणून कोण सांगणार?

धक्क्यावर आमची एकच होडी चालू स्थितीत होती. नणंद पुढे बसली, मी दोरी ओढून इंजिन सुरू केलं. आणि तिथेच माझा हात अडला.

खरी गोम त्या 'वर'मध्ये होती. आमचं इंजिनदुरुस्तीचं दुकान खाडीच्या काठावर, मुख आणि आतलं टोक यांच्या मधोमध. उत्तरेला समुद्र, तिथे मुखापाशी खाडीला एक फाटा फुटतो. दक्षिणेला खाडी आत जमिनीत शिरते, तिथेही एक फाटा आहे. दोन्हीकडे खेकड्यानं नवे डबे ठेवलेले. मी होडीवाल्याची मुलगी. आमच्याकडे नदीचं पाणी जिथून येतं ते वर, जिथे जातं ते खाली. म्हणजे वर म्हणजे आत, दक्षिणेला. नवऱ्याच्या घरी सगळे नकाशावर वाढलेले. नकाशात उत्तर माथ्यावर, म्हणून यांचं वर म्हणजे समुद्राकडे. लग्नानंतर पहिल्यांदा होडीत बसलो तेव्हा तो म्हणाला, "वरती घे," आणि मी नेमकी उलटी वळवली. त्यावरून आम्ही इतके भांडलो की काठावरचे लोक काम सोडून ऐकायला थांबले. मग वर्षानुवर्षं तेच. शेवटी कंटाळून मीच मनाशी ठरवलं होतं, हा बोलला की याचंच वर धरायचं. माझं म्हणणं सोडलं नव्हतं, फक्त घसा वाचवत होते.

"वहिनी, काय बघतेस? चल ना!" नणंद ओरडली.

"दादा तुझा बोलला ना? मग त्याचंच वर," मी म्हटलं आणि होडी समुद्राकडे सोडली.

भरती समोरून अंगावर येत होती. इंजिन जीव तोडून ओढत होतं, तरी काठ मागे सरता सरत नव्हता. नणंद पुढे वाकून दोन्ही बाजूंना हाका मारत होती. "दादा! ए दादा!" मी काठाकडे बघायचं टाळत होते. ओहोटीत उघडी पडलेली तिवरांची मुळं एकेक करून पाण्याखाली जात होती, आणि मला त्या प्रत्येक मुळाच्या जागी त्याचं डोकं दिसत होतं. आधी गुडघा, मग कंबर, मग छाती. मनातल्या मनात मी त्याला खच्चून शिव्या देत होते. शिव्या थांबल्या असत्या तर रडू आलं असतं, आणि रडताना सुकाणू धरता येत नाही.

मुखापाशी पोचलो. फाटा रिकामा. ज्या मोडक्या खांबाला डबा बांधलेला असायला हवा तो दिसला, डबाही दिसला. माणूस नाही. मी इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघी कान देऊन बसलो. पाण्याच्या चुबुकचुबुकीशिवाय काही नाही.

"बुडा..." नणंद म्हणाली आणि तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

"गप्प बस."

"अगं, पण आपण वरतीच आलोय ना? वरती हाच फाटा ना? बघ ना नकाशात, वरती हाच." ती फोन माझ्यासमोर नाचवत होती.

वरती.

"काय म्हणालीस?"

"वरती."

"तुमच्या घरी सगळे वरतीच म्हणता?"

"मग काय म्हणायचं?"

तो 'वर' म्हणाला होता. दोनदा. वर, फाट्यापाशी. जन्मात हा माणूस कधी वर म्हणाला नव्हता. कायम वरती. पाय रुतलेला, पाणी चढतंय, आणि त्या घाईतही त्यानं मला कळावं म्हणून माझा शब्द उचलला होता. आणि मी शहाणी त्याचा अर्थ धरून उलट्या दिशेला आले होते. शिवाय त्याची सुटलेली होडी! तो इकडे असता तर भरतीनं ती आमच्याच अंगावर वाहत आली असती. अख्ख्या वाटेत होडी दिसली नाही, हे माझ्या डोक्यात आलं कसं नाही? होडीवाल्याची मुलगी म्हणे!

होडी गर्रकन वळवली. आता भरती पाठीशी होती, आम्ही पळत होतो, पण जी भरती मला नेत होती तीच त्याच्या गळ्याशी चढत होती. दुकान मागे पडलं. नणंदेनं हाका मारणं सोडून दिलं होतं. ती नुसती होडीची कड घट्ट धरून बसली होती.

आतल्या फाट्याचं वळण घेतलं आणि आधी दिसला तो डबा. पाण्याच्या वर, हवेत. त्याखाली एक हात. त्याखाली डोकं, मागे झुकलेलं. पाणी हनुवटीला लागलेलं.

मी इंजिन बंद करून सरळ उडी मारली. "त्याची मान धर!" नणंदेला ओरडले. तिनं होडीतून वाकून दोन्ही हातांनी त्याची हनुवटी वर उचलून धरली. तो काही बोलायला गेला तर तोंडात पाणी गेलं.

खाली काही दिसत नव्हतं. हातानं चाचपत मी त्याच्या पायापर्यंत गेले. गमबूट चिखलानं गच्च आवळला होता, वरून मुळाचा फास. पट्ट्याचा चाकू काढला, बुटाची कड सापडली, फाडायला लागले. श्वास संपला. वर आले. त्याचं नाक आता पाण्याबाहेर होतं, तोंड नव्हतं. डोळे माझ्याकडे. पुन्हा खाली गेले. रबर चिवट, चाकू बोटाला लागला, तरी घोट्यापर्यंत फाडत नेलं. मग दोन्ही हातांनी त्याची पोटरी धरली आणि होता नव्हता तो जोर लावून उपसली. बूट तिथेच राहिला. पाय आला.

दोघींनी मिळून त्याला होडीत ओढलं. तो पालथा पडून खोकत राहिला. डबा अजून हातातच होता.

"टाक तो डबा!" मी किंचाळले. "मरत होतास आणि डबा वर धरून काय उभा होतास?"

"आतला... कागद भिजला असता."

"अरे, डबा वॉटरप्रूफ असतो!"

नणंद हसायला लागली आणि हसता हसता हमसून रडायला लागली. मग मीही. तो आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"इतका वेळ का लागला?" त्यानं हळूच विचारलं. "मी वर म्हणालो होतो. तुझं वर."

"कधीपासून?"

"मागच्या भांडणातच ठरवलं होतं. पुढच्या वेळी तुझंच वर म्हणायचं. एवढ्याशासाठी कोण भांडणार?"

मीही त्याचंच वर धरायचं ठरवलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. माझा चेहरा बघून त्याला कळलंच. त्यानं माझं कापलेलं बोट हातात घेतलं आणि जोरात दाबून धरलं, रक्त थांबेपर्यंत.

तेवढ्यात बचाव पथकाचा फोन आला. त्यांची बोट खाडीच्या तोंडाशी पोचली होती, कुठे येऊ विचारत होते. मी सांगितलं, माणूस सापडला, सुखरूप आहे. मग इंजिन सुरू केलं. त्याची होडी अजून कुठेतरी वाहत होती, अंधार पडायच्या आत शोधायला हवी होती.

"कुठे गेली असेल?" नणंदेनं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. तोंड मिटलं आणि नुसतं बोट करून दाखवलं.