भार उतरवणारे हात

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. एका सुताराच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. सुताचे पीळ एकमेकांत घालून मला वळलं, तेव्हा वळणारा कौतुकाने म्हणाला होता, "हा पुष्कळ पुरेल." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. पुष्कळ म्हणजे कुठवर, ते काही त्याने सांगितलं नाही.

आमचा कारखाना तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना इतका चिंचोळा, की कपाट घेऊन उतरणारा माणूस वळणावर अडकलाच म्हणून समजा. म्हणून तयार माल खिडकीतून खाली सोडतात. खिडकीबाहेर काढलेल्या तुळईला कप्पी, कप्पीवरून मी. माझ्या एका टोकाला कपाट आणि दुसऱ्या टोकाला माणूस. आत जमिनीत एक लोखंडी खांब रोवलेला आहे. त्याला माझा एक वेढा दिला की बराचसा भार खांबच घेतो. पण सुतारदादांचा माझ्यावर भारी जीव. वेढ्याने दोर घासतो, म्हणून त्यांनी तो बंदच केला. लोक म्हणत, दोर जपावा तर दादांनी! मीही फुशारून जायचो. मग तो भार कुणाकडे गेला, हे कुणी विचारलं नाही.

एकदा दादांचा गडी रजेवर गेला आणि नेमका तेव्हाच वाचनालयाचा माल तयार झाला. खाली उभं राहून माल भिंतीपासून लांब धरायचं काम दादांचं. मग वर कोण? त्यांची धाकटी बहीण चिमी पदर खोचून पुढे आली. ती टपाल वाटते. घरात रांगतं बाळ, आणि दिवसभर लोकांचे जिने.

"माझ्या पायांना विचार उतरणं म्हणजे काय ते," ती हसून म्हणाली. "हात काय, त्यांचेच भाऊबंद!"

संध्याकाळपर्यंत तिने खुर्च्या, बाकं, छोटी कपाटं, सगळं खाली सोडलं. मित्रांनो, ओढणारा हात मला ठाऊक आहे. तो आखडतो, जोर लावतो आणि सुटतो. उतरवणाऱ्या हाताचं तसं नसतं. वजन त्याला ओढत असतं, तो लांबत असतो, आणि लांबता लांबता धरूनही ठेवायचं असतं. मला तिच्या दंडातली थरथर कळत होती. मला फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी चिमीला थोडं दुखलं. त्यानंतरच्या सकाळी मात्र ती दारात आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. दंड टम्म सुजलेले, कोपर सरळ होईनात. पायांना मात्र काही नाही.

"दादा, बाळाने हात वर केले आणि मला त्याला उचलता येईना रे. माझे हात गेले का?"

दादा घाबरले, पण एक मोठं कपाट अजून राहिलं होतं आणि वाचनालयाची हातगाडी खाली खोळंबली होती. "अगं, आखडलेत नुसते," ते म्हणाले. "पुन्हा दोर धरलास की मोकळे होतील. काट्यानेच काटा काढायचा."

नको, नको, म्हणून मी ओरडत होतो. पण दोराचं ओरडणं म्हणजे नुसती करकर.

कपाट खिडकीबाहेर गेलं आणि अर्ध्यावर तिचे हात संपले. मी तिच्या तळव्यांतून सरकू लागलो. खाली दादा भिंत आणि हातगाडी यांच्या मधे, हलायला जागा नाही. "दादा!" ती किंचाळली. मग तिला तिचे पाय आठवले. मला छातीशी कवटाळून ती धावतच खांबाभोवती फिरली. वेढा बसला आणि कपाट दादांच्या डोक्याच्या वीतभर वर थांबलं. त्या हिसक्यात माझा एक पीळ आतून तुटला. तो आवाज कुणी ऐकला नाही.

आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरच्या नर्समावशी धावत आल्या. आधी कपाट हळूहळू खाली टेकवलं, मग त्यांनी चिमीचा दंड अलगद चाचपला.

"हात गेले नाहीत तुझे. स्नायूंचे बारीक धागे दुखावलेत, म्हणून ही सूज. जिने उतरताना पायांनाही असाच ताण बसतो, पण त्यांना रोजची सवय. हातांना कुठली? आता वजन उचलायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, हात हलके हलवत राहायचं. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र तशीच दवाखान्यात ये. धागे भरून येतील. पुढच्या खेपेला थोड्यापासून सुरुवात केलीस, तर इतकं दुखायचंही नाही."

मग त्या धापा टाकत वर आलेल्या दादांकडे वळल्या. "आणि काय हो, दोर जपता आणि बहीण झिजवता?"

दादांनी चिमीसाठी पाण्याचा तांब्या भरून आणला.

पुढचे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. दोराला मूठ नसते, तरी काढले. चिमी रोज येऊन कोपर सरळ करून बघायची. सूज उतरत होती. पण माझं काय? मला दुखत नाही, मित्रांनो. मला सूज येत नाही. माझा तुटलेला पीळ कुणाला कसा कळणार, आणि तो भरूनही येणार नाही. पुढच्या वेळी खाली कोण उभं असेल, या काळजीने मी आतल्या आत पिळवटत होतो.

बरी होऊन चिमी पुन्हा माल सोडायला आली, तेव्हा तिने आधी एक हलकं स्टूलच घेतलं आणि खांबाला वेढा द्यायला मला उचललं. तसं करताना तिने मला टोकापासून बोटांतून सरकवलं. बोटं एका जागी थांबली.

"दादा, हा आतून तुटलाय."

"मार एक गाठ. एवढ्याने काय होतंय!"

"मलाही असंच म्हणाला होतास."

दुसऱ्या दिवशी नवा दोर आला.

आता मी फळ्यांचे गठ्ठे बांधतो. मित्रांनो, चढवणाऱ्याची पाठ सगळेच थोपटतात. जो सावकाश खाली उतरवून ठेवतो, त्याच्याही हातांची विचारपूस करा. आणि तुम्हाला दुखलं तर सांगा. तुम्हाला तोंड आहे.

काल चिमी बाळाला कडेवर घेऊन आली होती. तिने त्याला माझ्या खुंटीखाली जमिनीवर ठेवलं, सावकाश, अगदी सावकाश. मी तिच्या दंडांकडे श्वास रोखून बघत होतो. ते जरासुद्धा थरथरले नाहीत.