पंच्याऐंशी अंश

कॅमेऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या वेलिंग्टनचा दात की-बोर्डवर पडला, तेव्हा मशीन अगदी व्यवस्थित चालू होतं. पडद्यावर गल्लीची सहा चित्रं हलत होती.

"बघ, चाललंय की!" टोळीचा म्होरक्या कोलोराओ रिव्हॉल्व्हरची मूठ वेलिंग्टनच्याच शर्टाला पुसत म्हणाला. "म्हणजे परवा यानंच बंद केलं. कॅमेरे आंधळे झाले, दुसऱ्या टोळीचे आले आणि माझ्या भावाला मारून गेले." तो दुरुस्तीला बोलावलेल्या नार्सिसाकडे वळला. "वेसी, तू एवढंच सांग, मशीन ठीक आहे का नाही? ठीक असेल तर याला खाडीत नेतो."

ग्वायाकिल शहराच्या त्या वस्तीत शेजारधर्म म्हणून सगळे सगळ्यांना 'वेसी' म्हणत, गळे कापणारेसुद्धा. नार्सिसा बावीस वर्षं बाजारात संगणक दुरुस्त करत होती. कधीमधी येणारा बिघाड दुरुस्त करणाऱ्यासमोर हमखास दडून बसतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. आज तो दडला, तर माणूस मरणार होता.

एका वेळी एकच बदल, ही तिची शिस्त. आधी मेमरीची पट्टी बदलली, मग वीजपुरवठ्याचा डबा. तासभर मशीन हूं की चूं न करता चाललं. तिच्या पाठीमागे वेलिंग्टनच्या बरगड्यांवर लाथा बसत होत्या.

"बंद पडलं तेव्हा किती वाजले होते?"

"परवाही आणि त्याआधीही तीन... दुपारचे," वेलिंग्टन फुटक्या ओठांतून म्हणाला.

"तुला विचारलं का रे?" आणखी एक लाथ.

नार्सिसानं वर छपराच्या पत्र्याकडे पाहिलं. आत्ता कुठे सकाळचे दहा वाजत होते.

"तुझ्या आईकडे केस वाळवायचा ड्रायर आहे?" तिनं कोलोराओला विचारलं.

"का वेसी, लग्नाला निघालीस?" पोरं खिदळली.

गुलाबी ड्रायर आला. तिनं झाकण काढून गरम झोत बोर्डावर धरला. दोन मिनिटं गेली. साडेतीन मिनिटं झाली. पडदा काळा पडला, आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. कोलोराओनं ड्रायर हिसकावून स्वतः धरला. पुन्हा काळा. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा पोरांचं हसणं थांबलं.

नार्सिसानं डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापवून बोर्डावरून हरभऱ्याएवढा कपॅसिटर सोडवला आणि कोलोराओच्या तळहातावर ठेवला. "हा पंच्याऐंशी अंशांपर्यंतच उष्णता सोसतो. इथे एकशे पाचचा लागतो. पत्रा तापला की हा दम सोडतो. कुणी बंद केलं नाही."

"एवढ्याशा तुकड्यापायी माझा भाऊ गेला?" कोलोराओचा आवाज चिरकला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "मार्चमध्ये मशीन दुरुस्तीला कोण घेऊन गेलं होतं? वेलिंग्टन! मुद्दाम बसवून आणलास ना, हरामखोरा?"

रिव्हॉल्व्हर वेलिंग्टनच्या कानशिलाला टेकलं. मशीन कुणाकडे नेलं होतं, हे त्याला माहीत होतं. तो नार्सिसाकडे बघत राहिला, पण तोंड उघडलं नाही.

कपॅसिटरचा पाय डावीकडे मुडपायची सवय तिचीच होती. झाकण निघालं तेव्हाच तिनं ते ओळखलं होतं.

"मी बसवला," नार्सिसा म्हणाली. "एकशे पाचचा तेव्हा मिळाला नाही. म्हटलं, चालून जाईल. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं."

कोलोराओनं रिव्हॉल्व्हर खाली घेतलं.

"कुठल्या हातानं?"

तिनं उजवा हात पुढे केला. सोल्डरिंग आयर्न तापलेलंच होतं. त्यानं ते तिच्या तळव्यात टेकवलं आणि दाबून धरलं. नार्सिसा गुडघ्यांवर आली. तिची किंकाळी पलीकडच्या गल्लीत ऐकू गेली, पण एकही खिडकी उघडली नाही.

"आता नीट कर."

पिशवीत आज एकशे पाचचा होता. वेलिंग्टननं तो चिमट्यात धरला आणि तिनं डाव्या हातानं बसवला. झाकणाचा शेवटचा स्क्रू उरला.

"द्या, मी लावतो, वेसी," तो पुटपुटला.

तिनं नकारार्थी मान हलवली. डाव्या हातात पेचकस उलटाच फिरायचा, आटे चुकायचे, स्क्रू घरंगळून जमिनीवर पडायचा. ती वाकून तो उचलायची आणि पुन्हा लावायची. तिला खाडीत न्यायला कोलोराओची माणसं दार उघडून उभी होती. तिला कुणी घाई केली नाही.