नवमीला उघडं राहिलेलं कपाट

पाटलांच्या कोठीतून बोलतोय मी. उजवीकडे ज्वारीची कणगी, डावीकडे तुरीची पोती आणि मधे भिंतीला पाठ लावून उभा असलेला मी, लिंबाच्या लाकडाचं दोनदारी कपाट. नवा माणूस आला तर त्याला वाटतं, पापड-कुरडयांसाठी केलं असेल. पण माझ्या पोटात बंदूक आहे, सरकारी परवान्याची. पंधरा वर्षं झाली, मी तिला सांभाळतोय. एकदा सोडून.

आमचं गाव तलवाड्यापासून दोन कोसांवर. मुलूख निजामाचा. फसली तेराशे बावीस साली गावचे पाटील सुंदरराव यांना रानडुकरं हाकलायला ठासणीची बंदूक बाळगायचा परवाना मिळाला. परवाना देताना पोलिसांचे अमीनसाहेब म्हणाले होते, "पाटील, बंदूक तुम्हारी, जिम्मेदारी बी तुम्हारी. कुलूप में रखना. दारू अलग, बंदूक अलग." सुंदररावांनी मान हलवली. सरकारी माणसापुढं मान हलवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग तलवाड्याहून उत्तरेश्वर सुतार आला. त्यानं जन्मभर तिफणी केल्या, पाळणे केले, गाडीची चाकं केली. बंदुकीला घर करायची पाळी पहिलीच. त्यानं बंदूक भुईवर आडवी ठेवून हातानं मोजली. तीन हात आणि वर चार बोटं भरली. "पाटील, बाभळीचं करू का लिंबाचं?" त्यानं विचारलं आणि आपणच उत्तर दिलं, "लिंबाचंच करतो. वाळवी लागायची न्हाई."

"कर. पर दिसाया झ्याक पायजे."

"आन् दारूला, टोप्यांना येगळी पेटी करू?"

"कावून? बंदूक एकीकडं, दारू एकीकडं. तवर डुक्कर काय थांबनार हाय का? आतच एक कप्पा काढ."

अशी माझी घडण झाली. वर बंदूक उभी राहायला खाच, तिला घोंगडीचं अस्तर, खाली दारूचा आणि बार पेटवणाऱ्या टोप्यांचा कप्पा, आणि सगळ्याला मिळून एकच कुलूप. उत्तरेश्वरानं काम चोख केलं. माझ्यात खोट राहिली ती त्याच्या हाताची नव्हे.

मला कुठं ठेवायचं यावरून घरात आठ दिवस धुसफूस चालली. सुंदररावांच्या मनात बैठकीची खोली होती, लोडाच्या शेजारी, आल्यागेल्याच्या नजरेसमोर. त्यांच्या बायको चंद्रभागाबाई यांचं म्हणणं वेगळं होतं. त्या बोलायच्या कमी, पण एकदा धरलेलं सोडायच्या नाहीत.

"अवं, बैठकीत नगं. आत कोठीत ठेवा."

"कोठीत? म्या काय ज्वारी राखाया बंदूक आनली?"

"भावजींचा सोभाव तुमाला ठावं न्हाई का? हाताशी काठी घावली तर काठी उचलत्यात. बंदूक घावली तर?"

भावजी म्हणजे शहादेव, सुंदररावांचा धाकटा भाऊ. मनानं लोण्यासारखा, पण डोकं म्हणाल तर तापलेला तवा. एकदा बैलानं ऐकलं नाही म्हणून या पठ्ठ्यानं स्वतःचंच पागोटं फाडलं होतं! चंद्रभागाबाईंना त्याची भीती वाटत नव्हती. त्याच्यासाठी भीती वाटत होती. लग्न होऊन आल्या तेव्हा तो त्यांच्या कमरेएवढा होता.

"बाईमानसाला बंदुकीतलं काय कळतंय," असं म्हणून सुंदररावांनी विषय संपवला आणि मी बैठकीत उभा राहिलो.

तिथं मी माणसांची हौस पाहिली. कुणी आलं की सुंदरराव कमरेची किल्ली चाळवत. पाहुणा म्हणे, "उघडा की पाटील!" ते उघडत. पाहुणा नळीवरून हात फिरवी, "लई भारी हाय," म्हणे आणि चहा पिऊन जाई. माझ्याकडे कुणी बघत नसे. मला त्याचं दुःख नाही. पण दिवसातून दहादा उघडणारं कुलूप हे कुलूप नव्हे, एवढं मला लाकडाला कळत होतं.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षीची खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी लोखंडाला विसावा. नांगराचा फाळ, कुऱ्हाडी, विळे, कोयते, सगळं धुऊन घोंगडीवर मांडायचं, हळदकुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी शिलंगणाला निघेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. माझ्यासमोरच घोंगडी अंथरली होती. सुंदररावांनी माझं कुलूप काढलं, बंदूक मधोमध ठेवली, तिला झेंडूची माळ घातली. मग हातातल्या कुलपाकडे आणि किल्लीकडे बघून थबकले.

"हे बी लोखंडच की," ते म्हणाले, आणि दोन्ही वस्तू बंदुकीशेजारी मांडून त्यांना हळद लावली.

चंद्रभागाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. "अवं, किल्ली तरी राहू द्या. कप्प्यात टोप्या हायत. आन् बंदूक भरल्याली हाय म्हनत होता."

बंदूक खरोखरच भरलेली होती. चार दिवसांपूर्वी बाजरीत डुकरं आली म्हणून ठासली आणि डुकरं परस्पर निघून गेली. ठासलेली नळी मोकळी करायची तर बार उडवावा लागतो. दारू वाया घालवायची सुंदररावांच्या जिवावर आली होती.

"टोपी न्हाई तवर काठीच हाय ती," ते म्हणाले. "आन् रीत म्हंजे रीत. आज लोखंडाला काम सांगायचं न्हाई."

रीत मोडायची नाही म्हणून कुलूप मोकळं राहिलं. जिच्या पायी अमीनसाहेबांची ताकीद विसरली जावी, अशी रीत कुणी केली नव्हती. ती सुंदररावांनी त्या सकाळी आपल्या मनानंच वाढवली होती.

दुपारी सुंदरराव देवळात गेले. घरात चंद्रभागाबाई एकट्या, चुलीपाशी पुरण शिजवत होत्या. तेवढ्यात शहादेव शेतातून आला. कपाळ फुटलं होतं, रक्त भुवईवर वाळलं होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभाऊ हरिबाशी जुंपली होती. आज पाळी शहादेवाची. हरिबानं दांडाचं पाणी आपल्या रानात वळवलं, शहादेव धावून गेला आणि हरिबानं ढेकूळ फेकून मारलं.

शहादेव सरळ बैठकीत आला आणि बंदूक उचलली. झेंडूची माळ तुटली. मग त्यानं माझं दार उघडलं. मी कसा अडवणार? कप्पा ओढला, टोपी घेतली, बसवली, घोडा चढवला. सारं मिळून दहा श्वासांचंही काम नव्हतं. कपाट कशासाठी असतं आणि त्या क्षणी मी काय होतो, हे आठवून मला अजून लाज वाटते.

कप्प्याच्या आवाजानं चंद्रभागाबाई बाहेर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"भावजी, ठिवा ती."

"वैनी, बाजूला व्हा. आज हरिबा न्हाई, न्हाई तर मी न्हाई."

"त्याला लेकरं हायती."

"म्या म्हनलं बाजूला व्हा!"

त्या बाजूला झाल्या नाहीत. पुढं आल्या आणि पुरणानं चिकट झालेल्या दोन्ही हातांनी नळी धरली. त्यानं हिसका दिला. त्यांनी अंगातली सगळी ताकद लावून नळी माझ्याकडे फिरवली, आणि चाप ओढला गेला.

सगळे छर्रे माझ्या डाव्या दारात शिरले. खोली धुरानं भरली. धूर विरला तेव्हा चंद्रभागाबाई भुईवर बसल्या होत्या, हात उजव्या कानावर, आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं; बार त्यांच्या कानाशीच उडाला होता. शहादेवानं बंदूक टाकली. "वैनी! वैनी, बोला ना!" तो लहान मुलासारखा रडत होता. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

गाव मात्र खूश झालं. पाटलांनी रीत बाजूला ठेवून हौसेनं नवमीचा बार काढला, असं वाटून दोघेतिघे ओट्यावर आलेही. सुंदरराव देवळातून धावत आले, कारण बार आपण काढलेला नाही हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, माझ्या दाराकडे पाहिलं, आणि ओट्यावरच्यांना सांगितलं, "व्हय, म्याच सांगितलं व्हतं." मग दार लावून घेतलं आणि बायकोसमोर मटकन बसले.

दुसऱ्या दिवशी हरिबा आपट्याची पानं घेऊन आला, रीत म्हणून, जरा घुश्शातच. शहादेवानं सोनं घेतलं आणि त्याला अशी काही मिठी मारली की हरिबा गोंधळून गेला. "आरं, येवढं काय झालं रं?" तो म्हणाला. काय झालं असतं, ते त्याला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

चंद्रभागाबाईंचा डावा कान महिन्याभरात सुधारला. उजवा गेला तो गेलाच. त्या बऱ्या झाल्यावर सुंदररावांनी त्यांच्या डाव्या बाजूला बसून विचारलं, "कपाट कुठं ठिवू?" त्यांनी कोठीकडे बोट दाखवलं आणि किल्लीसाठी हात पुढं केला. दारूची पेटी वेगळी झाली, ती दुसऱ्या खोलीत गेली. तेव्हापासून किल्ली त्यांच्या कमरेला आहे, नवमीलासुद्धा.

परवा कडा गावचे एक पाटील मला बघायला आले. त्यांनाही नवा परवाना मिळालाय, असंच कपाट करून घ्यायचंय. कोठीत आल्यावर ते हसायला लागले. "सुंदरराव, बंदूक आन् कणगीच्या आड? कुनाला दिसनार? आन् घाईच्या वक्ताला हाताला कशी घावनार?"

"मला इचारू नगा," सुंदरराव म्हणाले. "यांना इचारा."

पाहुण्यांनी विचारलं. चंद्रभागाबाईंना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा, डाव्या बाजूला येऊन मोठ्यानं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बंदूक पायजे असली तर आदी मला हाक मारावी लागती. आन् मला एका हाकंत ऐकाया येत न्हाई. तवर मानूस जरा थंड व्हतंय."

कड्याचे पाटील हसायचे थांबले. त्यांनी माझी लांबी-रुंदी दोरीनं मोजून घेतली.

तुमच्याही घरात माझ्यासारखं कपाट येणार असेल, तर लाकूड कुठलंही घ्या. पण ते कुठं ठेवायचं हे बंदुकीची हौस असणाऱ्याला विचारू नका. तिची धास्ती घेणारं घरात जे कुणी असेल, त्याला विचारा. आणि ते त्याचा कान जाण्याआधी विचारा.