लख्दारचे कान

लख्दारने फोन मेजावर उपडा ठेवला, गच्चीत जाऊन पिंजऱ्यांतलं पाणी पाहून आला आणि खाली येताच फोन पुन्हा उताणा केला. पाणी त्याने घटकेपूर्वीच भरलं होतं. बसला की उठावंसं वाटे, उठला की फोनची आठवण येई.

फोनवर 'लाल टोप्या' नावाचा ग्रुप होता आणि त्यात तिघेच होते. लख्दार, पोलादाच्या कारखान्यात जन्म घालवून निवृत्त झालेला. झुबीर शिंपी, त्याच्याच शहरात, समुद्रकाठच्या अन्नाबात, चार गल्ल्या सोडून राहणारा. आणि मुलूद, पूर्वी पोस्टमन होता, आता समुद्रापलीकडे मुलीकडे मार्सेलला जाऊन पडलेला. तिघांना जोडणारी गोष्ट म्हणजे मकनीन, पिंजऱ्यात पाळायचा गाणारा पक्षी. तोंडावर लाल डाग, पंखावर पिवळा पट्टा आणि मुठीत हरवेल एवढा जीव. अन्नाबात ज्याच्या घरी मकनीन नाही त्याला कॅफेत खुर्ची मिळते, पण बोलायला विषय मिळत नाही. मुलूदच्या मुलीच्या घरी पक्षी चालत नव्हते, म्हणून तो या दोघांचे पक्षी फोनवर ऐकून दिवस काढी.

आणि कोणता पक्षी चांगला, कोणता वाईट, हे लख्दार सांगे. तो 'स्वच्छ' म्हणाला की पक्षी स्वच्छ. त्यावर कोणी वाद घालत नसे. म्हणून तर त्याला चेष्टेने, पण मनापासून, सगळे 'शेख', म्हणजे जाणता वडीलधारा, म्हणत.

आज सकाळी झुबीरने आवाज पाठवला होता.

"सलाम लाल टोप्यांनो. माझा जावई गाढव आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याने माझ्या उस्तादाचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. खाली कोण एक पोरगा लिहितो, 'काका, तुमचा उस्ताद शेवटी बिजागरीसारखा चिरकतो.' मी लिहिलं, 'बाळा, या पक्ष्याला आमच्या शेखने पास केलंय. तुला आधी मिशी फुटू दे.' तर आणखी दोघे आले, तेही तेच म्हणतात. कोण आहेत हे लोक? यांना घरी काम नाही?"

मुलूदचा घोगरा आवाज मागोमाग आला. "फेसबुकवर भांडू नकोस झुबीर, तुझी साखर वाढते."

"साखर वाढते ती बायकोच्या मकरूदने. खजूर भरभरून घालते आणि वर म्हणते, दोनच खा."

"मग दोनच खा की. इथे माझ्या गुडघ्यात नवी वाटी बसवणार आहेत. डॉक्टरीणबाईने विचारलं, छंद काय? म्हटलं, दुसऱ्यांचे पक्षी ऐकणे. तिने ते लिहूनसुद्धा घेतलं."

लख्दारने तेव्हा एवढंच टाइप केलं: 'पोरांना काय कळतं.' आणि तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

कारण हा उस्ताद साधासुधा पक्षी नव्हता. मकनीनच्या पिल्लाला गाणं शिकवायचं तर त्याला कापडाने झाकलेल्या पिंजऱ्यात घालून मुरलेल्या गवयाशेजारी ठेवतात. तो गवई म्हणजे उस्ताद. उस्ताद जे गाईल ते पिल्लू उचलतं, चांगलंही आणि वाईटही. एकदा वाईट सूर गळ्यात बसला की तो जन्मभर जात नाही. झुबीरकडे यंदा असं एक पिल्लू होतं, त्याच्या स्वतःच्या जोडीचं, त्याने दाणा चोळून चारून वाढवलेलं. उस्ताद त्याने कुसंतीना शहरातल्या एका ओळखीच्याकडून मागून आणला होता. आणताच त्याचं गाणं ग्रुपवर टाकलं आणि विचारलं, "शेख, ठेवू शेजारी?" लख्दारने ते दोनदा ऐकलं आणि उत्तर दिलं, "स्वच्छ आहे. निर्धास्त ठेव."

त्या दिवसापासून पिल्लू कापडाखाली बसून शिकत होतं.

उन्हाळ्यात रातकिडे बंद झाले तेव्हा लख्दारला वाटलं होतं, पालिकेने फवारणी केली असेल. मग किटलीची शिट्टी बंद झाली, तेव्हा त्याला वाटलं, झाकण सैल झालं. नात फोनवर बोले ते कळेनासं झालं, तेव्हा पोरगी तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून तो रागावला. पण गच्चीवरच्या पक्ष्यांचं काय सांगणार? पक्ष्याचा गळा फुगे, चोच उघडे, आणि मधेच आवाज गळून जाई. चोच हलतेच आहे, सूर नाही. मग पुन्हा सूर येई. त्या गाळलेल्या जागा लख्दार आठवणीने भरून काढी. इतकी वर्षं ऐकलेलं गाणं, ते त्याला पाठच होतं. फोनवर तर चोचही दिसत नसे.

स्वयंपाकघरात हूरिया रव्याचं पीठ मळत होती. तो फोन घेऊन तिच्यामागे उभा राहिला.

"जरा हे ऐक."

"मी?" हूरियाने वळून पाहिलं. "लग्न झाल्यापासून तर म्हणताय, तुला मकनीनमधलं काय कळतं."

"ऐक म्हटलं तर ऐक ना."

उस्तादाचं गाणं सुरू झालं. हूरियाने पिठाचे हात वर धरून ऐकलं.

"छान गातो की. शेवटी तेवढा चिरकतो."

"कुठे?"

"संपताना. ताटलीवर काटा ओढल्यासारखं. पुन्हा लावा, सांगते."

त्याने पुन्हा लावलं. गाणं उतरत आलं तसं हूरियाने पिठाचं बोट उचललं. "आता." थोड्या वेळाने पुन्हा उचललं. "आता." लख्दार त्या बोटाकडे बघत होता. बोट वर जाई तेव्हा त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"अहो," हूरियाने हळूच विचारलं, "तुम्हाला नाही ऐकू येत?"

"फोन खराब आहे."

"मला त्याच फोनवर आलं."

तो बाहेर गेला. समुद्राच्या बाजूला उतरला, कॅफेत कॉफी मागवली आणि अर्धी टाकून उठला. डोमिनोवाल्यांनी हाक मारली तर त्याने नुसता हात हलवला. काय करायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि तेच करायला पाय पुढे पडत नव्हते. शेवटी कठड्याला टेकून त्याने फोन काढला, तर झुबीरचा नवा आवाज येऊन पडला होता. या वेळी तो हळू बोलत होता.

"भावांनो, एक सांगतो, हसू नका. ती चिरचिर मलाही ऐकू येते. पहिल्या दिवसापासून येते. लख्दार म्हणाला स्वच्छ, म्हणून मी गप्प बसलो. पक्षी स्वच्छ आहे तर बिघाड माझ्यातच असणार ना. फेसबुकवरची पोरं काहीही लिहितात, शेखचा कान चुकत नाही. साखरेने डोळे जातात हे ठाऊक होतं, कानही जातात असं जावई कुठेसं वाचून आला. उद्या कानाच्या डॉक्टरकडे नंबर लागलाय. आणि खरं सांगू? कान गेले असतील तर मी पक्षी ठेवणार नाही. देऊन टाकीन सगळे. ज्याला ऐकू येत नाही त्याने पक्षी कशाला कोंडावेत?"

मुलूदने लिहिलं होतं, 'कानात सुई अडकली असेल तुझ्या. आधी बायकोला बघायला सांग.' पण त्यालाही विनोद जमला नव्हता.

लख्दारने टाइप केलं: 'उस्ताद आजारी दिसतो, पिल्लू बाजूला काढ.' वाचून पाहिलं. वाक्य चांगलं होतं. पिल्लू वाचत होतं, शेखची शेखी वाचत होती. फक्त झुबीरचे कान बिघडलेलेच राहत होते आणि त्याच्या गच्चीवरचे पिंजरे रिकामे होत होते. त्याने ते पुसलं. पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा पुसलं. मग बोट दाबून धरलं आणि बोलायला लागला.

"झुबीर, तुझे कान ठणठणीत आहेत. ती चिरचिर आहे. हूरियालाही ऐकू आली. येत नाही ती मला. उन्हाळ्यापासून वरचे सूर मला येतच नाहीत, मी अंदाजाने सांगत होतो. पिल्लू आत्ताच्या आत्ता तिथून उचल."

बोट सुटलं. निरोप गेला. दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे निरोप दोघांनीही पाहिला.  लख्दार कठड्यापासून झाडापर्यंत आणि झाडापासून कठड्यापर्यंत फिरत राहिला. फोन थरथरला.

'झुबीर ग्रुपमधून बाहेर पडला.'

थोड्या वेळाने: 'मुलूदने झुबीरला ग्रुपमध्ये घेतलं.'

'झुबीर ग्रुपमधून बाहेर पडला.'

'मुलूदने झुबीरला ग्रुपमध्ये घेतलं.'

मुलूदचा आवाज आला. "तू बाहेर पड, मी आत घेतो. मला दिवसभर दुसरं काम नाही, आणि बोटांना गुडघे नसतात."

मग झुबीर बोलला. आवाज कोरडा होता.

"पिल्लू उचललं. वरच्या खोलीत नेलं. उन्हाळ्यापासून किती पक्ष्यांबद्दल असं सांगितलंस?"

"सगळ्यांबद्दल," लख्दार म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

लख्दारने फोन तोंडाजवळ नेला. "मग मला कोणी विचारलं असतं?" एवढंच त्याने पाठवलं.

 झुबीरचं उत्तर आलं ते संध्याकाळी, लख्दार घरी येऊन नुसताच बसला होता तेव्हा.

"मी बायकोला सांगून बसलोय की मी बहिरा होतोय. चार दिवस ती माझ्याशी ओरडून बोलतेय, सगळी इमारत ऐकतेय. कानात कोमट तेल घालून घालून दोन उशा खराब केल्या. त्या उशा मी तुझ्या घरी पाठवणार आहे. आणि हा नंबर मिळवायला जावयाने किती जणांचे पाय धरले. तो मी फुकट घालवणार नाही. सकाळी तयार राहा, टॅक्सी घेऊन येतो."

सकाळी झुबीर टॅक्सी घेऊन आला. "पिल्लाने ती चिरचिर उचलली असेल का?" लख्दारने वाटेत विचारलं. झुबीर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अजून गात नाही. गळा फुटेल तेव्हा कळेल. वसंतापर्यंत थांब, आणि मला विचारत जाऊ नकोस." दवाखान्यात मात्र काउंटरवरच्या बाईशी त्यानेच हुज्जत घालून नंबरावरचं नाव बदलून घेतलं.

एका तरुण मुलीने लख्दारला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर जाड टोप चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, अगदी बारीक आला तरी. दार बंद झालं. काचेपलीकडे मुलगी यंत्रावर बसली, तिच्यामागे खुर्चीत झुबीर.

सुरुवातीचे आवाज जाडेभरडे होते, जहाजाच्या भोंग्यासारखे. लख्दारने झटपट बटण दाबलं. मग आवाज बारीक होत गेले, आणि मग थांबले. पण मुलीचा हात थांबला नव्हता. यंत्राची कळ फिरवताना तिचा खांदा किंचित हले. खांदा हलला की लख्दार बटण दाबी. खांदा, बटण. खांदा, बटण. मुलगी काहीतरी टिपत होती, तिचा चेहरा समाधानी दिसत होता. बरं चाललं होतं.

तेवढ्यात त्याची नजर झुबीरवर गेली. झुबीर त्याच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हता. तो मुलीच्या खांद्याकडे बघत होता, मग लख्दारच्या अंगठ्याकडे, पुन्हा खांद्याकडे.  मुलीला त्याने काही सांगितलं नाही. त्याने नुसती मान खाली घातली.

लख्दारने डोळे मिटले. अंगठा बटणावरून काढून शेजारी ठेवला आणि ऐकायला लागला. पायाला चाळवाचाळव सुटली होती, ती त्याने गुडघ्यावर हात दाबून थांबवली. बराच वेळ काहीच आलं नाही. पलीकडे मुलीचा हात चालूच असणार हे त्याला माहीत होतं. त्याने डोळे उघडले नाहीत, अंगठाही हलवला नाही.